एका खोलीतलं प्रोटॉन यंत्र खान्देशात बसवायचं तर: काय वाचतं, काय खर्ची पडतं

जळगावात कॅन्सर रुग्णालय उभारू पाहणाऱ्या एका ट्रस्टच्या इंजिनिअरचा प्रश्न आहे. पूर्वी प्रोटॉन उपचाराला, म्हणजे वेगवान प्रोटॉनच्या झोताने ट्यूमर मारायला, तीन-चार मजली इमारत लागायची, आता यंत्र एका खोलीत बसतं असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. मग यंत्र लहान करताना गमावलं काय? आणि आपल्याकडच्या उन्हात, काळ्या जमिनीत, इथल्या विजेवर ते चालेल का?

चालेल, पण आधी एक गोष्ट पक्की धरा. लहान झालाय तो प्रोटॉनला वेग देणारा त्वरक, म्हणजे सायक्लोट्रॉन. प्रोटॉनच्या इमारतीत सर्वांत जास्त जागा खाणारी वस्तू तो कधीच नव्हता. जागा खातात गॅन्ट्री (झोत रुग्णाभोवती फिरवणारी चौकट) आणि काँक्रीटच्या भिंती. शिवाय लहान यंत्रात ज्या तडजोडी होतात, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच रुग्णांना भोवतात ज्यांना प्रोटॉनची खरी गरज असते: मेंदूत किंवा मणक्यात ट्यूमर असलेली मुलं, कवटीच्या तळाशी गाठ असलेले रुग्ण. यंत्राची निवड या रुग्णांकडे बघून करावी, खोलीच्या मापाकडे बघून करू नये.

मुळात यंत्र मोठं का असतं, हे एका आकड्यात सांगता येतं. साध्या लिनॅकमधला (नेहमीच्या रेडिएशन यंत्रातला) ६ एमईव्ही ऊर्जेचा इलेक्ट्रॉन वळवायला सुमारे ०.०२ टेस्ला-मीटर (चुंबकक्षेत्र गुणिले वळणाची त्रिज्या) पुरतात. २३० एमईव्हीच्या प्रोटॉनला २.३ टेस्ला-मीटर लागतात, म्हणजे शंभरपट. लोखंडी गाभ्याच्या साध्या चुंबकात १.५ टेस्ला क्षेत्र धरलं तर वळणाची त्रिज्या दीड मीटर येते. ५ टेस्लाला ती ४६ सेंटिमीटर होते, ९ टेस्लाला २६. सगळा कॉम्पॅक्टपणा इथून येतो. २३० एमईव्ही लागतात कारण तेवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर खोल जातो. ७० एमईव्हीचा ४ सेंटिमीटरवर थांबतो. ‘ऊर्जाच कमी करू, यंत्र आपोआप लहान होईल’ हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. पण २०० एमईव्हीवर उतरलात तर प्रोटॉनचा पल्ला २६ सेंटिमीटर उरतो आणि वळवण्याचा त्रास फक्त ७ टक्क्यांनी कमी होतो. स्थूल माणसाच्या ओटीपोटात बाजूने झोत टाकायचा तर या ७ टक्क्यांसाठी रुग्ण गमवावा लागेल. हा सौदा घाट्याचा आहे.

आता सायक्लोट्रॉनचे प्रकार. २३० एमईव्हीला प्रोटॉनचं वस्तुमान सापेक्षतेमुळे साधारण २५ टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे तो रेडिओ लहरींच्या तालात मागे पडत जातो. यावर दोन उपाय आहेत. एक, त्रिज्येबरोबर चुंबकक्षेत्र वाढवत न्यायचं आणि लोखंडाला चढउतार देऊन झोत उभ्या दिशेत एकवटून ठेवायचा. हा आयसोक्रोनस सायक्लोट्रॉन, त्यातून झोत अखंड मिळतो. पण लोखंड दोन-सव्वादोन टेस्लाला संपृक्त होतं. त्यापुढे चढउताराचा जोर अपुरा पडतो, म्हणून हे यंत्र फार लहान करता येत नाही. साध्या तांब्याच्या वेटोळ्याचं असं यंत्र सुमारे २२० टन भरतं, अतिवाहक वेटोळ्याचं (अति थंड केल्यावर विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या तारेचं) ९०. दुसरा उपाय म्हणजे चुंबकक्षेत्र साधं ठेवून रेडिओची वारंवारताच प्रोटॉनच्या मागे खाली आणायची. हा सिंक्रोसायक्लोट्रॉन. ५.७ टेस्लाचं असं यंत्र अडीच मीटर व्यासाचं आणि सुमारे ५० टनांचं असतं. ९ टेस्लाच्या आसपासचं यंत्र २० टनांच्या घरात येतं आणि सरळ गॅन्ट्रीवरच चढवता येतं. असं गॅन्ट्रीवर बसवलेलं यंत्र अमेरिकेत २०१३ पासून रुग्णांवर वापरात आहे.

किंमत दोन ठिकाणी पडते. ५-६ टेस्लापर्यंत निओबियम-टायटॅनियमची अतिवाहक तार चालते. ती लवचीक असते, गुंडाळायला सोपी. ९ टेस्लाला निओबियम-टिन लागतं. ते ठिसूळ असतं. गुंडाळून झाल्यावर सुमारे ६५० अंशांना भाजावं लागतं आणि नंतर त्याला ताण सोसत नाही. त्यात गॅन्ट्रीवरचं वेटोळं रुग्णाभोवती फिरतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची दिशा सतत बदलते. गार वस्तुमान टांगणारे पट्टे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने जरी सरकले तरी झोत बाहेर काढण्याची घडी बिघडते.

दुसरी किंमत झोताच्या स्वरूपात. सिंक्रोसायक्लोट्रॉनचा झोत तुटक असतो: सेकंदाला काहीशे ते हजार स्पंद, प्रत्येक स्पंद दहाएक मायक्रोसेकंदांचा. सरासरी झोत उपचाराला पुरतो. १ लिटर ट्यूमरला २ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) द्यायला साधारण दीडशे अब्ज प्रोटॉन लागतात, म्हणजे १ नॅनोअँपियरचा झोत अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपवतो. अडचण मोजमापात आहे. तेवढीच मात्रा शंभर पट कमी वेळात आली की आयन चेंबरमध्ये (झोताची मात्रा मोजणाऱ्या उपकरणात) सुटे झालेले आयन गोळा होण्याआधीच एकमेकांत मिसळतात आणि चेंबर कमी वाचतं. सुधारणेचा गुणक लावावा लागतो, आणि तो प्रत्येक स्पंदातल्या मात्रेनुसार बदलतो. ट्यूमर खोलीनुसार थरांत आणि प्रत्येक थर ठिपक्यांत वाटून झोत टाकतात; म्हणून एक ठिपका तीन-चार स्पंदांत देतात: आधीचे मोजून बघायचे, शेवटच्याने भरपाई करायची. सुटे भाग झिजण्याचाही प्रश्न आहे. काही यंत्रांत वारंवारता ९० वरून ६० मेगाहर्ट्झच्या आसपास खाली आणायला निर्वातात फिरणारा कपॅसिटर असतो. त्याचे बेअरिंग आणि आयन स्रोताची कॅथोड हे ठरावीक काळाने बदलायचे भाग आहेत. ते जळगावच्या स्टोअरमध्ये हवेत, परदेशातल्या गोदामात असून उपयोग नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉन एकाच ऊर्जेने निघतो, ट्यूमर मात्र ५ ते २५ सेंटिमीटर खोलीत कुठेही असतो. ऊर्जा कमी कुठे करायची, यावर झोताची सगळी गुणवत्ता ठरते.

मोठ्या केंद्रांत सायक्लोट्रॉनला लागूनच ग्रॅफाइटची पाचर असते. त्यातून गेलेला फिसकटलेला झोत चुंबक आणि फटींमधून गाळून घेतात. ही मांडणी दहा-बारा मीटर लांबी खाते, आणि ७० एमईव्हीपर्यंत खाली आणलं तर शंभरातला एक प्रोटॉनही हाती लागत नाही. पण जो उरतो तो स्वच्छ असतो, आणि न्यूट्रॉन निघतात ते रुग्णापासून लांब, भिंतीपलीकडे. सर्वांत लहान यंत्रांत ही गाळणीच काढून टाकलेली असते. प्लास्टिकच्या पट्ट्या नोझलमध्ये (झोत बाहेर पडतो त्या तोंडात), रुग्णाच्या अगदी जवळ असतात, आणि हव्या तेवढ्या पट्ट्या झोताच्या वाटेत सरकतात. काचेवर वाफ धरली की टॉर्चचा उजेड पसरतो, आणि काच भिंतीपासून जितकी लांब तितका भिंतीवरचा डाग मोठा दिसतो. इथेही तसंच. पट्टी ते त्वचा हे अंतर ५ सेंटिमीटर आहे की २५, यावर ठिपक्याचा आकार ठरतो. पूर्ण ऊर्जेला ४ मिलिमीटर सिग्मा (पसाऱ्याचं माप) असलेला ठिपका कमी खोलीवर १० मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकतो.

आणि हे घडतं नेमकं उथळ ट्यूमरला, म्हणजे मुलाच्या डोक्यात. तिथे ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), कॉक्लिया (आतला कान), डोळ्याची नस सगळं दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असतं. म्हणून अशा यंत्रांना त्वचेजवळ हलती पानं असलेला कॉलिमेटर (झोताच्या कडा अडवणारा अडसर) जोडतात. तो प्रत्येक थराला कडा कापतो. कडा बऱ्यापैकी सुधारतात, पण ही यंत्रणा जड असते, रुग्णाच्या खांद्याला आडवी येते आणि तिच्यावर आदळणारे प्रोटॉन रुग्णाशेजारीच न्यूट्रॉन तयार करतात. वाढत्या वयाच्या मुलाला हा जादा डोस नको असतो.

शरीरात आत जाण्याच्या दिशेचं गणित वेगळं आहे, आणि तिथे मी लहान यंत्राच्या बाजूने बोलेन. पदार्थातून जाताना प्रोटॉनच्या पल्ल्यात सुमारे १.१ टक्के विखुरण येतं. नोझलमध्ये ऊर्जा कमी केली तर हे विखुरण पूर्ण ३३ सेंटिमीटरचंच राहतं, म्हणजे साडेतीन मिलिमीटर सिग्मा, मग ट्यूमर ५ सेंटिमीटरवर असो की २५. गाळलेल्या झोतात उथळ शिखर (प्रोटॉन थांबतो तिथली सर्वांत जास्त मात्रा) १ मिलिमीटरच्या आत धारदार असतं. कागदावर हा मोठा फरक दिसतो. प्रत्यक्षात सीटी स्कॅनवरून पल्ला काढण्यातच साडेतीन टक्क्यांची अनिश्चितता धरतात, त्यामुळे नाजूक अवयव शिखराच्या लगेच मागे ठेवून प्लॅन करण्याचं धाडस शहाणा फिजिसिस्ट करत नाही. भरवसा बाजूच्या कडेवर ठेवला जातो. उलट रुंद शिखरामुळे थर कमी लागतात, आणि पट्ट्या सरकायला ५० मिलिसेकंद लागतात, तर चुंबकांची अख्खी रांग बदलायला एक-दोन सेकंद. २५ थरांत हा फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास किंवा जास्त होतो. श्वास रोखून यकृतावर उपचार घेणाऱ्याला तो चांगला जाणवतो. तेव्हा यंत्र तोलताना बाजूच्या कडेला जास्त वजन द्या, टोकाच्या धारेला कमी.

गॅन्ट्रीबद्दल. ३६० अंश फिरणारी गॅन्ट्री दहाएक मीटर व्यासाची, शंभर टनांच्या वर, आणि तरीही फिरताना झोताचा केंद्रबिंदू १ मिलिमीटरच्या गोळ्यात राहायला हवा. म्हणून कॉम्पॅक्ट यंत्रं १९० किंवा २२० अंशांवर थांबतात आणि उरलेल्या दिशांसाठी रुग्णाचा पलंग फिरवतात. ही तडजोड चांगली आहे; त्यात फारसं काही बिघडत नाही. झोत फिरवणारे चुंबक रुग्णाजवळ आणून गॅन्ट्रीची त्रिज्या कमी करणं मात्र त्वचेला महागात पडतं. स्रोत २ मीटरवर असेल तर २० सेंटिमीटर खोल केंद्राच्या तुलनेत त्वचेवर झोताची दाटी १.२३ पट येते. १ मीटरवर आणला तर १.५६ पट.

फील्डचा, म्हणजे झोत एका वेळी व्यापतो त्या क्षेत्राचा, आकार हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक बैठकीत मागे पडतो. मोठ्या खोल्यांत ३० बाय ४० सेंटिमीटर मिळतं, कॉम्पॅक्टमध्ये २० बाय २० किंवा २० बाय २४. मेड्युलोब्लास्टोमात (मुलांच्या मेंदूतल्या एका कॅन्सरात) मेंदू आणि पूर्ण पाठीचा कणा घ्यावा लागतो. मोठ्या मुलाची लांबी ७५ सेंटिमीटर आणि दोन फील्ड एकमेकांवर ५ सेंटिमीटर चढवायची धरली, तर ४० सेंटिमीटरच्या दोन फील्डमध्ये काम होतं, २० च्या पाच लागतात. प्रत्येक जोडावर मात्रा जास्त किंवा कमी पडण्याची शक्यता, प्रत्येक फील्डसाठी वेगळी इमेजिंग, आणि मूल त्या सगळ्या वेळात भुलीखाली.

गॅन्ट्रीच काढून टाकायची, झोत स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला फिरत्या खुर्चीत बसवायचं, ही सध्याची सर्वांत धाडसी कल्पना आहे. इंजिनिअरिंगच्या नजरेने मला ती आवडते. शंभर टन पोलाद जातं, जाड भिंत एकाच दिशेला लागते, जुन्या लिनॅकच्या बंकरमध्येही बसवण्याची भाषा करता येते. पण बसल्यावर अवयव वेगळ्या जागी उतरतात, म्हणून सीटीही बसूनच काढावं लागतं, ते यंत्र वेगळं घ्यावं लागतं. आणि भूल दिलेलं चार वर्षांचं मूल खुर्चीत बसवता येत नाही. डोकं-मान, फुफ्फुस, प्रोस्टेट यांना ती जमेल. मुलांचं केंद्र करायचं असेल तर जमणार नाही.

भिंतींचा प्रश्न यंत्र लहान झाल्याने लहान होत नाही. पुढच्या दिशेच्या वेगवान न्यूट्रॉनला दहापट कमी करायला साधारण १ मीटर काँक्रीट लागतं, म्हणून भिंती २ ते ३ मीटर येतात. ऊर्जा कमी करण्याचं काम नोझलमध्ये गेलं की न्यूट्रॉनही उपचाराच्या खोलीत तयार होतात, तेव्हा तिथली भिंत उलट वाढू शकते. १० सेंटिमीटर कमी पडलं तर पलीकडचा डोस पंचवीस टक्क्यांनी चढतो. नुसतं जड काँक्रीट करून भागत नाही. न्यूट्रॉन मंद करायला हायड्रोजन, म्हणजे काँक्रीटमध्ये बांधलेलं पाणी लागतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खडीने घनता २.४ च्या आसपास मिळते, ती गणितात धरलेल्या २.३५ पेक्षा थोडी सरसच आहे. प्रत्येक बॅचची घनता लिहून ठेवा. एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) टप्प्याटप्प्याने कागद दाखवावे लागतात.

खान्देशातली खरी परीक्षा पायाची. अडीच मीटर जाड, आठ मीटर उंच भिंत प्रत्येक धावत्या मीटरला ४८ टन भरते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; ती पूर्ण काढून टाकावीच लागेल. साक्री-धुळे भागात खाली मुरूम आणि खडक लवकर लागतो. रावेर, यावल, भुसावळकडे तापीचा गाळ खूप खोल आहे. तिथे पाइल घ्यावे लागतील आणि बोअरचे अहवाल आल्याशिवाय जागा नक्की करू नका. सायक्लोट्रॉन आणि उपचाराची खोली एकाच राफ्टवर हवी, मध्ये सांधा नको. दोन भाग २ मिलिमीटरने वेगवेगळे खचले तरी झोताची रेषा पुन्हा जुळवावी लागते. सायक्लोट्रॉन गॅन्ट्रीवरच असलेल्या यंत्राला हा त्रास सर्वांत कमी, हे त्याचं मोठं बळ.

एवढं जाड काँक्रीट मे महिन्यात ४५ अंशांत ओतू नये. आतला गाभा ७० अंशांच्या वर जाता कामा नये, आणि गाभा व पृष्ठभाग यांत २० अंशांहून जास्त फरक पडला तर आरपार भेगा जातात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, रात्री काम काढा. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख जवळच मिळते. २५ ते ३५ टक्के सिमेंटच्या जागी ती घातली की उष्णता बरीच उतरते. मिक्समध्ये बर्फ घाला. केबल आणि पाण्याचे पाइप आधीच वाकवून काँक्रीटमध्ये बसवायचे. नंतर सरळ भोक पाडलं तर त्यातून न्यूट्रॉन सरळ बाहेर येतात आणि ते भोक पुन्हा नीट बुजत नाही.

वीज आणि थंडी. अतिवाहक वेटोळं ४ केल्व्हिनला (उणे २६९ अंशांना) ठेवावं लागतं. तिथून १ वॅट उष्णता काढायला क्रायोकूलरचा (त्याला थंड करणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर सुमारे ५ किलोवॅट खातो. त्या तापमानाला तांब्याची उष्णता साठवण्याची ताकद नेहमीच्या तुलनेत चार हजारावा हिस्सा उरते, म्हणून थंडी तुटली की वेटोळं झपाट्याने तापतं. हेलियमविरहित (द्रव हेलियमची टाकी नसलेल्या) यंत्रात वेटोळ्याचा प्रवाह वेळेत उतरवला नाही तर क्वेंच होतं, म्हणजे वेटोळ्याची अतिवाहकता एकदम जाते, आणि पूर्ण तापलेलं यंत्र पुन्हा थंड करायला आठवड्याहून जास्त जातो. हेलियमच्या टाकीचं यंत्र थोडी उसंत देतं: १ वॅट गळतीला तासाला १.४ लिटर उडतं, म्हणजे ६ वॅट गळती आणि १०० लिटर साठा असेल तर बारा तास मिळतात. पण हेलियम बाहेरून आणावं लागतं. इथे बसवायचं तर मी हेलियमविरहित घेईन आणि विजेवर खर्च करेन. दोन वेगळ्या उपकेंद्रांतून फीडर, कंट्रोलला यूपीएस, आणि क्रायोकूलरचे कॉम्प्रेसर, त्यांचा पाण्याचा पंप व चिलर हे तिन्ही डिझेल जनरेटरवर, आपोआप सुरू होतील असे. बहुतेक जागी कॉम्प्रेसर जनरेटरवर असतो, पंप नसतो. मग कॉम्प्रेसर तापून बंद पडतो आणि कारण शोधण्यात रात्र जाते.

चिलरच्या पाटीवरची क्षमता ३५ अंशांच्या हवेसाठी असते. ४६ अंशांत ती चांगलीच घटते आणि हाय प्रेशरवर यंत्र ट्रिप होतं, तेही दुपारी दोनला, रुग्ण पलंगावर असताना. ऑर्डरमध्ये ५० अंश लिहा. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू कंडेन्सरच्या पात्यांत बसतात, तेव्हा जाळी आणि आठवड्याची धुलाई ठरवून ठेवा. कूलिंग टॉवर घ्यायचा तर बोअरच्या जड पाण्याला आधी सॉफ्टनर लागेल.

खारघरला टाटा स्मारकच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार चालू आहेत, चेन्नईत अपोलोत २०१९ पासून. मणक्यासह मेंदूच्या उपचाराची मुलं पुढची काही वर्षं तिथेच पाठवणं योग्य, हे माझं स्पष्ट मत आहे. ट्रस्टने आधी चांगला लिनॅक, एमआरआय आणि मुलांना भूल देणारी टीम उभी करावी. लिनॅकच्या बंकरशेजारी क्रेन येईल अशी मोकळी बाजू आणि एक राफ्ट राखून ठेवावा.

पुढे टेंडर काढाल तेव्हा विक्रेत्याकडून हे आकडे लेखी मागा: ५, १० आणि २० सेंटिमीटर पल्ल्याला, नोझल रुग्णापासून १० सेंटिमीटरवर असताना हवेतला ठिपक्याचा सिग्मा, कॉलिमेटरसह पाण्यातली कड (मात्रा ८० वरून २० टक्क्यांवर उतरायला लागणारं अंतर), एका लिटरला २ ग्रे द्यायचा पूर्ण वेळ, थर बदलण्यासकट, केंद्रापासून ५० सेंटिमीटरवर प्रति ग्रे न्यूट्रॉन डोस, वीज ३० सेकंद, १० मिनिटं आणि ४ तास गेल्यावर किती वेळाने पहिला रुग्ण घेता येईल. आणि प्रत्येक रुग्णाचा एक लिनॅकवरचा पर्यायी प्लॅन पहिल्या दिवशीच तयार ठेवा. यंत्र एकच आहे, ते बंद पडलं तर तीस बैठकांच्या उपचारात दोन-तीन दिवसांपेक्षा मोठा खंड पडता कामा नये.